एकट्या कॉलेजचा सामना होत नाही



आज आम्ही तुम्हाला एका कागदाची गोष्ट सांगणार आहोत. सोयाबीन निघालं होतं आणि कापसाची पहिली वेचणी सुरू होती, त्या दिवसांतली. गटाची बैठक होती. बचतीचे पैसे मोजून झाले, वहीवर सह्या झाल्या. उठता उठता एका ताईनं पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला. तिची लेक तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकते. कागदावर छापलेलं होतं, ‘आंतरमहाविद्यालयीन खो-खो स्पर्धा, महिला’. खाली पालकाच्या सहीची जागा मोकळी होती.

“सही करू का नको?” ताईनं विचारलं. “हे बोलावणं कुणाचं हाय? कॉलेजचं का सरकारचं? परगावी पोरीला कोण नेणार? जिंकली तर पुढं काय? आन् आपल्या तालुक्याच्या कॉलेजला तिथं कोण विचारतं?”

प्रश्न सगळे रास्त होते, पण उत्तर एकीकडेही नव्हतं. आमच्यातल्या दोघी-तिघी कॉलेजात जाऊन आलेल्या. तीन-तीन वर्षं आम्ही प्रवेशाच्या पावतीवर ‘क्रीडा शुल्क’ भरलं होतं, पण ते कशासाठी, हे कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही ताईला एवढंच म्हणालो, “दोन दिवस थांब. आम्ही माहिती काढतो.” आजचं बोलणं म्हणजे तीच माहिती.

गट, ग्रामसंघ आणि कॉलेज

सुरुवात आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीपासून करू. दहा-बारा बायांचा एक बचत गट होतो. गावातले गट मिळून ग्रामसंघ होतो आणि गावांचे ग्रामसंघ मिळून प्रभागसंघ. एकटी बाई बँकेत गेली तर शिपाई म्हणतो, ‘साहेब जेवायला गेलेत.’ संघ गेला की साहेब खुर्ची देतात. जोडीला जोड मिळाली की वजन वाढतं, हे तुम्हाला आम्ही काय सांगणार!

खेळाचंही तसंच आहे, उलट थोडं जास्तच. बचत एकटीला करता येते, सामना एकट्या कॉलेजला करता येत नाही. खो-खोत एका बाजूचे 9 खेळाडू मैदानात लागतात, कबड्डीत 7. तुमच्या कॉलेजनं संघ उभा केला तरी समोर दुसरा संघ हवा, दोघांना मान्य असलेले नियम हवेत, शिट्टी वाजवणारा पंच दोघांनाही परका हवा. हे सगळं जुळवायला कॉलेजांना एकत्र यावं लागतं. जगभर कॉलेजांचे क्रीडा संघ याच गरजेतून झाले.

आपल्याकडे या एकत्र येण्याला वेगळं नाव नाही. विद्यापीठाला जोडलेलं कॉलेज आपोआप त्या विद्यापीठाच्या खेळांचं सभासद होतं. सरकारी भाषेत या जोडणीला संलग्नता म्हणतात. विद्यापीठ आपल्या कॉलेजांचे विभाग पाडतं, त्यांना खेळातले लोक ‘झोन’ म्हणतात. आधी विभागात सामने होतात, मग विभाग एकमेकांशी खेळतात. त्या खेळातून निवडलेल्या मुलींचा विद्यापीठाचा संघ बनतो. हा संघ पुढे पश्चिम विभागात खेळायला जातो. तिथं महाराष्ट्रासोबत गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा इथली विद्यापीठं असतात. त्यातले पहिले संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत पोचतात.

म्हणजे ताईच्या हातातला कागद हा एका लांब शिडीची पहिली पायरी होता. आता ही शिडी आपल्या परभणीपर्यंत कशी आली, ते ऐका.

हैदराबादपासून नांदेडपर्यंत

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. उस्मानिया विद्यापीठ 1918 साली हैदराबादला सुरू झालं आणि तिथलं शिक्षण उर्दूतून होतं. मराठी घरातल्या मुलाला पदवी घ्यायची तर घर सोडून शेकडो किलोमीटर लांब जायचं आणि परक्या भाषेत शिकायचं. तिथवर मुलगेच मोजके पोचायचे, मुलींची तर गोष्टच सोडा.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. लगेच दोन वर्षांत, 1950 साली, मराठवाड्यात दोन मोठी कामं झाली. नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, त्यामागे स्वामी रामानंद तीर्थांची प्रेरणा होती. औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे मिलिंद महाविद्यालय काढलं. परभणीत 1956 साली कृषी महाविद्यालय सुरू झालं. त्याच साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला.

पण कॉलेजं निघाली तरी त्यांना जोडणारी आपली संस्था नव्हती. ती 23 ऑगस्ट 1958 ला झाली. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. तेव्हा मराठवाड्यात पाचच जिल्हे होते, औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. या पाच जिल्ह्यांतल्या कॉलेजांचं मैदान आता एक झालं. सेलूच्या पोराला उमरग्याच्या पोराशी खेळता येऊ लागलं. आमच्या लेखी मराठवाड्याच्या कॉलेजांचा क्रीडा संघ खऱ्या अर्थानं तेव्हा जन्मला.

मात्र हा संघ फार पसरलेला होता. परभणीहून औरंगाबाद पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर. निवडीसाठी जायचं तर आदल्या दिवशी निघायचं, रात्री तिथं मुक्काम करायचा आणि तिसऱ्या दिवशी परतायचं. मुलगा असेल तर घरचे म्हणायचे, ‘जा, पण पैसे जपून वापर.’ मुलगी असेल तर बोलणं पहिल्याच वाक्यात संपायचं. मुलींच्या वाटेत नियम आडवा नव्हता, आडवा आला तो मुक्काम.

एकाचे दोन झाले

पुढे ही जोडणी तीनदा बदलली. प्रत्येक बदलाचा आपल्या लेकींशी संबंध आहे, म्हणून तारखा सांगतो.

पहिला बदल 18 मे 1972 चा. परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ झालं. 2013 पासून त्याच्या नावात वसंतराव नाईकांचं नाव आहे. शेतीची कॉलेजं या विद्यापीठाकडे गेली आणि त्यांचे खेळही वेगळे झाले. कृषी विद्यापीठांच्या देशपातळीवरच्या स्पर्धाही वेगळ्या भरतात.

दुसरा बदल 1994 चा. त्या वर्षी 14 जानेवारीला औरंगाबादच्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळालं. नामांतराचा तो लढा आपल्यातल्या कितीजणींच्या घरानं सोसला आहे, ते वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. नांदेड, लातूर आणि परभणी हे जिल्हे त्याच्याकडे आले.

तिसरा बदल 1 मे 1999 चा. परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. हिंगोलीची कॉलेजं नांदेड विद्यापीठातच राहिली, त्यामुळे आज या विद्यापीठाचे जिल्हे चार आहेत, नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली.

कुणी म्हणेल, विद्यापीठाची वाटणी झाली, त्यात आपल्याला काय? शेताची वाटणी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला कमीच येतं. पण इथं उलटं आहे, ते कसं ते सांगतो. आंतरविद्यापीठ स्पर्धेत एका विद्यापीठाचा महिला खो-खोचा एकच संघ जातो. मराठवाड्यात एक विद्यापीठ होतं तेव्हा सगळ्या मराठवाड्यातून एकच संघ जायचा. दोन विद्यापीठं झाली आणि दोन संघ जाऊ लागले. म्हणजे जिथं बारा मुलींना जागा होती, तिथं चोवीस मुलींना झाली. आणि निवडीची जागा दोनशे किलोमीटरवरून साठ-सत्तर किलोमीटरवर आली. परभणीहून सकाळी नांदेडला गेलेली मुलगी संध्याकाळी घरी येऊ शकते. मुक्कामाची जी अडचण पोरींना दारातच थांबवत होती, ती पुष्कळ कमी झाली.

आपल्या जिल्ह्यातले सभासद

आता या संघात आपल्या जिल्ह्यातलं कोण कोण आहे? परभणी शहरात श्री शिवाजी महाविद्यालय आहे, ज्ञानोपासक महाविद्यालय आहे, मुलींसाठी कमलताई जामकर महिला महाविद्यालय आहे. सेलूला नूतन महाविद्यालय आहे. जिंतूरला ज्ञानोपासकचंच महाविद्यालय आहे. गंगाखेडच्या महाविद्यालयाला आपल्या जनाबाईचं नाव आहे. ज्या गावची जनाबाई, त्या गावच्या मुली तिच्या नावाचा बनियन घालून मैदानात उतरतात, ही गोष्ट आम्हाला फार गोड वाटते. पूर्णा, पाथरी, मानवत, सोनपेठ इथंही महाविद्यालयं आहेत. यातली काही मोठी आहेत, काही अगदी लहान. पण सामन्याच्या यादीत सगळ्यांचं नाव एका ओळीत येतं. शहरातल्या मोठ्या कॉलेजची एक प्रवेशिका, सोनपेठच्या कॉलेजचीही एकच. संघाचा खरा अर्थ हाच.

पण कागदावर सारखे असले तरी रस्त्यावर सगळे सारखे नाहीत. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्टेशनं नांदेडच्या रेल्वेमार्गावर आहेत. गंगाखेडला परळीच्या मार्गाची गाडी मिळते. जिंतूर, पाथरी, सोनपेठ, पालमच्या पोरींना मात्र एसटीशिवाय वाट नाही. सकाळी आठला मैदानावर हजर राहायचं तर पालमच्या मुलीनं किती वाजता उठायचं, ते तुम्हीच सांगा. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट लागतं, तेवढा आधार झाला. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण हसत हसत म्हणतो. पण परभणीच्या आतही एक परभणी आहे. जिथवर शेवटची एसटी जाते, तिथली.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. परभणीतलं प्रत्येक कॉलेज या एकाच संघात नाही. शेतीच्या कॉलेजची मुलगी कृषी विद्यापीठाकडून खेळते. नर्सिंगची, आयुर्वेदाची मुलगी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून. अभियांत्रिकीच्या बऱ्याच कॉलेजांची जोडणी आता रायगड जिल्ह्यातल्या लोणेरेच्या विद्यापीठाशी आहे. म्हणजे एका गल्लीतल्या तीन पोरी, तिघींचे संघ तीन. मग त्या एकमेकींसमोर येतात कुठं? राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची ‘अश्वमेध’ ही क्रीडा स्पर्धा भरते, तिथं. बारावीनंतर लेकीचं नाव घालताना कॉलेज कुठल्या विद्यापीठाला जोडलेलं आहे, हे विचारून घ्या. तिची शिडी कुठली, ते त्यावर ठरतं.

दूर देशातले लहान कॉलेजवाले

आपल्यासारख्या लहान कॉलेजांनी एकमेकांचा हात धरल्याची एक गोष्ट अमेरिकेची आहे. तिकडं पद्धत जरा वेगळी. कॉलेज कोणत्या क्रीडा संघात जायचं ते स्वतः ठरवतं, संघ त्याला सभासद करून घेतो आणि न पटलं तर कॉलेज दुसऱ्या संघात जातं. शंभर वर्षांपूर्वी तिथं काळ्या लोकांना गोऱ्यांच्या कॉलेजात बहुतेक ठिकाणी प्रवेश नव्हता आणि काळ्या मुलांच्या कॉलेजांशी गोऱ्यांची कॉलेजं खेळायला तयार नसत. तेव्हा हॅम्प्टन, हॉवर्ड, लिंकन, शॉ आणि व्हर्जिनिया युनियन या पाच संस्थांची माणसं 1912 साली हॅम्प्टनला जमली आणि त्यांनी स्वतःचा आंतरमहाविद्यालयीन क्रीडा संघ काढला. पैसा थोडा, मैदानं साधी. पण नियम लिहिले, हिशेब ठेवला, कोण पात्र आणि कोण नाही ते ठरवलं. तो संघ आज शंभरी ओलांडूनही चालू आहे. पाणवठ्यावर येऊ देत नाहीत तर आपली विहीर आपण खोदू, ही गोष्ट आपल्या मातीतल्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही.

दुसरी गोष्ट बायकांची. त्याच अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा सगळ्यात मोठा संघ 1906 पासून होता, पण साठ-सत्तर वर्षं त्याचं सगळं लक्ष मुलग्यांकडे. म्हणून 1971 साली कॉलेजात शिकवणाऱ्या बायांनी मुलींच्या खेळांसाठी स्वतःचा संघ उभा केला. पुढच्याच वर्षी, 1972 ला, तिथं कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगी म्हणून कुणाला कशातूनही वगळायचं नाही, खेळातूनही नाही. मुलींचे खेळ वाढले. वाढल्यावर मोठ्या संघाला ते दिसले. त्यानं मुलींच्या स्पर्धा आपल्याकडे सुरू केल्या आणि दहा-अकरा वर्षांत बायांचा संघ बंद पडला. मुलींना मोठं मैदान मिळालं हे खरं, पण निर्णयाच्या खुर्च्या पुन्हा बहुतेक पुरुषांकडे गेल्या. आपल्या गटाच्या वहीवर सही बाईची आणि कारभार नवऱ्याचा, असं काही गावांत होतं ना, त्यातलीच ही गत. म्हणून मैदान मिळालं तरी वहीवरचा डोळा काढायचा नाही.

आपल्या देशात विद्यापीठांचं मंडळ 1925 साली झालं. 1935 साली विद्यापीठांच्या क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक सुरू झाला. त्या मंडळाला 1973 पासून भारतीय विद्यापीठ संघ म्हणतात आणि देशभरच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा तोच घेतो. 2020 साली भुवनेश्वरला पहिल्या ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धा झाल्या. शिडी वरच्या बाजूला वाढतेच आहे. आपल्याला बघायचंय ते खालचं टोक जमिनीला टेकलंय का.

खालची पायरी

ते टोक कुठं हलतं, हे आम्हाला चौकशीत कळलं. कॉलेजनं प्रवेशिका पाठवली तर मुलगी खेळणार. कॉलेजनं नाही पाठवली तर त्या मुलीला सांघिक खेळात दुसरं दार नाही. ती शेजारच्या कॉलेजकडून खेळू शकत नाही, कारण तिचं नाव इथं आहे. पळणं, फेकणं, उड्या या मैदानी खेळांत एकटीचं नाव जाऊ शकतं, पण खो-खो, कबड्डीला संघ पुरा लागतो. लहान कॉलेजात ‘मुलींचा संघ होत नाही’ हे वाक्य फार सहज बोललं जातं. का होत नाही? सराव संध्याकाळी आणि मुलींची एसटी चारची. मैदानाजवळ मुलींसाठी मोरी नाही. सोबत जायला बाई नाही. आणि पालकांची सही नाही. चौघींच्या घरून सही आली नाही की उरलेल्या आठजणींचाही खेळ मोडतो. हे ऐकलं तेव्हा आम्ही गप्प झालो. ताईची एक सही तिच्या लेकीपुरती नव्हती, ती आणखी कितीतरी घरच्या लेकींची होती.

आता पात्रतेबद्दल, कारण त्यात गैरसमज फार. मुलगी कॉलेजची नियमित, पूर्णवेळ विद्यार्थिनी असली पाहिजे. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची मर्यादा पंचवीस वर्षांची आहे. लग्न झालेल्या मुलीनं खेळू नये, असा कुठलाही नियम नाही. नियम लग्नापाशी अडत नाही, शिक्षण सुटतं तिथं अडतो. कॉलेजातून नाव निघालं की त्या दिवशी ती संघाची सभासद राहत नाही, मग ती कितीही वाऱ्यासारखी पळो. एकोणिसाव्या वर्षी लग्न उरकून पोरीचं कॉलेज बंद करणारा बाप तिची डिग्री थांबवतो, तसं तिचं मैदानही बंद करतो.

आणखी एक. लहान कॉलेज पहिल्याच सामन्यात हरलं तरी चांगली खेळणारी मुलगी हरत नाही. विद्यापीठाचा संघ निवडताना निवड करणारे खेळाडू बघतात. हरलेल्या संघातली मुलगीही उचलली जाते. पण बघायला ती मैदानात तर हवी!

खेळून पुढे काय, हा प्रश्न उरतोच. तर ऐका. सारिका काळे ही आपल्या धाराशिवची, गरीब घरातली खो-खोपटू. तिच्या कप्तानीखाली भारतानं 2016 साली गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि ती तालुका क्रीडा अधिकारी झाली. मूळची बीड जिल्ह्यातली प्रियंका इंगळे जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिल्या खो-खो विश्वचषकात भारतीय महिलांची कप्तान होती, आणि अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं. या दोघी मुख्यतः क्रीडा मंडळ आणि राज्य संघटनेच्या वाटेनं वर गेल्या, ही वाट वेगळी आहे. पण लहान गावात मंडळ नसतं, कॉलेज असतं. म्हणून आपल्या पोरींना कॉलेजची वाट जास्त जवळची. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यात कुठली स्पर्धा, कितवा क्रमांक धरतात, ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन नीट विचारावं. प्रत्येक पोरीला नोकरी लागेल, असं आम्ही सांगणार नाही, ते खोटं होईल. प्रमाणपत्र मात्र जपून ठेवायला लावा.

पाच प्रश्न

आमची गटांना एक विनंती आहे. प्रवेशाच्या दिवसांत दोघी-तिघींनी मिळून आपल्या तालुक्याच्या कॉलेजात जा. भांडायला नव्हे, विचारायला. तिथल्या शारीरिक शिक्षण संचालकांना भेटा आणि पाच प्रश्न विचारा. आमच्या पोरी क्रीडा शुल्क भरतात, तर मागच्या वर्षी मुलींचे किती संघ पाठवले? यंदा कुठल्या खेळांच्या प्रवेशिका जाणार? सरावाची वेळ एसटीच्या वेळेशी जुळेल का? परगावी जाताना सोबत बाई कोण असणार आणि मुक्काम असलाच तर कुठं? प्रवासाचा, जेवणाचा आणि गणवेशाचा खर्च कोण करणार? जमाखर्च विचारायची आपल्याला सवय आहे. दर आठवड्याला आपण तेच तर करतो.

आणि कॉलेजवाले चांगलं काम करत असतील तर तसं तोंडभरून सांगा. सुट्टीच्या दिवशी येऊन पोरींचा सराव घेणारे शिक्षक आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांनाही आई-बापांची साथ हवी असते.

आता ताईच्या कागदाचं काय झालं? दोन दिवसांनी आम्ही तिच्या घरी गेलो. जे तुम्हाला सांगितलं तेच, पण निम्म्या वेळात सांगितलं, कारण शेळ्या बांधायच्या होत्या. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली, “मी सोबत येणार.” कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, जरूर या. सकाळच्या पहिल्या एसटीनं पोरी निघाल्या, त्यांच्यात ही एक नऊवारी. डब्यात चोवीस भाकऱ्या आणि मिरचीचा ठेचा.

पहिल्याच सामन्यात आपल्या पोरी हरल्या. समोरचा संघ सरावातला होता. ताईची लेक दोनदा लवकर बाद झाली, एकदा मात्र तिनं तिघींना चुकवत वेळ काढला. गुडघा सोलून निघाला होता. परतीच्या गाडीत पोरी हिरमुसल्या होत्या. ताई आम्हाला नंतर सांगत होती, “समोरच्या पोरीबी आपल्यासारख्याच व्हत्या. कुणाची माय कापूस येचणारी, कुणाची ऊसतोडीला गेलेली. मला वाटलं व्हतं, शहरातल्या कुणीतरी असतील.”

यंदाचा कागद अजून यायचा आहे. पण मागच्या बैठकीत ताईनं आधीच विचारून ठेवलंय, यंदा सोबत कोण कोण येणार. तिघींनी हात वर केले आहेत.

तुमच्या तालुक्याच्या कॉलेजात मुलींचा संघ आहे का, ते विचारून आम्हाला कळवा. पुढच्या बोलण्यात तुमचीच माहिती सगळ्यांना ऐकवू. तोवर, नमस्कार.